लढाई शेवटी: बिर्टनॉथ एल्डरमनचं चरित्र कागदांवरून कसं जुळवावं

दहाव्या शतकातल्या इंग्लंडमधला बिर्टनॉथ शोधायला बसलात, की पाच मिनिटांत तुम्ही मॉल्डनच्या लढाईत जाऊन पोचता. खाडी, भरती, व्हायकिंग, घोड्यावर बसून पळणारे भित्रे, धन्याच्या प्रेताभोवती लढून मरणारे शूर. तिथे रमू नका. हा माणूस इ. स. ९५६ मध्ये एसेक्सचा एल्डरमन झाला आणि ९९१ च्या ऑगस्टात पडला. पस्तीस वर्षं त्यानं कारभार केला आणि एक दिवस तो हरला. चरित्र लिहायचं तर त्या पस्तीस वर्षांचं लिहायचं, आणि ती वर्षं त्या लढाईवर रचलेल्या जुन्या इंग्रजी गाण्यात सापडत नाहीत.

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात झाली. हद्दी, फेरफार, वारसनोंदी, भाऊबंदांची भांडणं. निवृत्तीनंतर लेकीकडे कोल्चेस्टरला येऊन राहू लागलो. इथल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो, मग माणूस काय करणार? तिच्या लॅपटॉपवर हा उद्योग सुरू केला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण जमिनीचा कागद कसा वाचायचा ते येतं, आणि एल्डरमन लोकांची खात्रीची माहिती बहुतेक सगळी जमिनीच्याच कागदांत आहे. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला. तीच शिस्त इथे लावायची, एवढंच.

आधी हुद्दा नीट समजून घ्या

एल्डरमन म्हणजे राजानं एका किंवा अनेक शायरांवर नेमलेला माणूस. शायर म्हणजे साधारण जिल्हा. राजा एडगरच्या कायद्यात लिहिलं आहे की शायरची सभा वर्षातून दोनदा भरावी आणि तिथे बिशप व एल्डरमन दोघांनी हजर राहावं. एकानं देवाचा कायदा सांगावा, दुसऱ्यानं जगाचा. त्याखाली हंड्रेड नावाचे लहान विभाग. त्यांची सभा दर चार आठवड्यांनी. चोर, हद्द, साक्ष, दंड हे सगळं तिथे. शिवाय शत्रू आला की शायरची फौज गोळा करून तिच्या पुढे उभं राहायचं कामही एल्डरमनचंच.

मराठी वाचक इथे हमखास विचारतो, म्हणजे देशमुखासारखं का? नाही. देशमुखी हे वतन होतं, पोराला मिळायचं. एल्डरमनकी राजा देई आणि राजा काढूनही घेई. मात्र प्रत्यक्षात ती ठरावीक घराण्यांतच फिरायची, आणि त्यातली पुष्कळ घराणी एकमेकांचे व्याही होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

बिर्टनॉथचा एसेक्स म्हणजे लंडनच्या पूर्वेचा, खाड्यांनी फाटलेला किनारा. मॉल्डनला राजा थोरल्या एडवर्डनं ९१६ मध्ये तटबंदीचं ठाणं बांधलं होतं आणि नंतर तिथे टांकसाळही होती. व्हायकिंगांना तिथे काय दिसत होतं, हे वेगळं सांगायला नको.

नाव शोधताना

दोन साधनं पुरेशी आहेत, दोन्ही फुकट. एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक सॉयर: अँग्लो-सॅक्सन काळातल्या सनदा, मृत्युपत्रं आणि आज्ञापत्रांची यादी. पीटर सॉयर यांनी १९६८ मध्ये ती छापली, म्हणून प्रत्येक कागदाला ‘एस’ अक्षर आणि पुढे क्रमांक असतो. दुसरं म्हणजे पेस हा व्यक्तींचा कोश. त्या काळातल्या नोंदीत आलेला प्रत्येक माणूस तिथे क्रमांक देऊन वेगळा केला आहे.

रोमन लिपीत नाव भरताना एकाच वर्णावर अडून बसू नका. बी-वाय-आर-एच-टी, बी-आर-आय-एच-टी, बी-ई-ओ-आर-एच-टी, तिन्ही प्रकारे तो सापडतो. लेखनिक बदलला की नाव बदलतं. मोडी वाचलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

खरा धोका वर्णांचा नाही, नावाच्या जुळ्यांचा आहे. ईली इथल्या मठाचा पहिला मठाधिपती, ९७० पासूनचा, त्याचंही नाव बिर्टनॉथच. दोघे एका काळातले, दोघांचा संबंध ईलीशी, दोघे राजाच्या सनदांवर साक्षीला. ओळखायचं कसं? नावापुढची पदवी बघा. मठाधिपतीपुढे ‘अब्बास’ असतं, एल्डरमनपुढे लॅटिन ‘डुक्स’. बायकांच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. बिर्टनॉथची मेव्हणी एथलफ्लेड, पण मर्सियावर, म्हणजे मध्य इंग्लंडवर, राज्य करणारी प्रसिद्ध एथलफ्लेड ९१८ मध्ये वारली, ती वेगळी; आणि राजा एडगरची एक बायको एथलफ्लेड, ती आणखी वेगळी. वहीत प्रत्येकीसमोर बापाचं नाव लिहा. बापाचं नाव नसेल तर गावाचं लिहा. दोन्ही नसेल तर ती नोंद वेगळ्या पानावर ठेवा आणि चरित्रात घेऊ नका.

साक्षीदारांची यादी कशी वाचावी

राजाची सनद साधारण अशी असते: वर देवाचं नाव, मग जमीन कुणाला किती दिली, मग जुन्या इंग्रजीत चतुःसीमा (अमुक ओढा, तमुक काटेरी झाड, जुनी खंदक), मग शाप, मग साल आणि शेवटी साक्षीदार. नवखा माणूस जमीन वाचतो आणि साक्षीदार सोडून देतो. तुम्ही उलटं करा.

साक्षीदारांच्या नावापुढे क्रूस असतो. ते क्रूस सहसा त्या माणसांनी स्वतः काढलेले नसतात. नाव आणि क्रूस दोन्ही लेखनिकाच्या हातचे. म्हणून त्यात हस्ताक्षर शोधू नका. क्रम शोधा. राजा, आर्चबिशप, बिशप, मठाधिपती, मग डुक्स आणि शेवटी थेन, म्हणजे राजाचे सरदार. प्रत्येक गटात वरचा तो मोठा. मी एक साधी सारणी करतो: डावीकडे साल, मग सनदेचा क्रमांक, मग डुक्सांमध्ये बिर्टनॉथ कितवा आणि त्याच्या वर कोण.

९५६ पासून सुरुवात करा. राजा एडविगनं त्या एका वर्षात साठाच्या आसपास सनदा काढल्या, म्हणजे उतावळेपणाची हद्द. बिर्टनॉथची नेमणूक त्याच धामधुमीत झाली. पुढच्याच वर्षी राज्य दुभंगलं. टेम्स नदीच्या दक्षिणेला एडविग, उत्तरेला त्याचा धाकटा भाऊ एडगर. एसेक्स नदीच्या उत्तरेला, त्यामुळे बिर्टनॉथ एडगरकडे. ज्यानं नेमलं त्याला सोडून गेला असं म्हणायची घाई करू नका. उत्तरेकडचे बाकीचे एल्डरमनही एडगरकडेच आले. ९५९ मध्ये एडविग मेला आणि सगळं राज्य एडगरचं झालं.

एडगरच्या काळात सारणी कंटाळवाणी दिसते, आणि तो कंटाळाच महत्त्वाचा. सगळ्यांत वर मर्सियाचा एल्फहेरे, बिर्टनॉथ खाली. वर्षानुवर्षं तेच. मग ९८३ मध्ये एल्फहेरे मरतो. त्यानंतर डुक्सांमध्ये पहिला पूर्व अँग्लियाचा एथलवाइन आणि दुसरा बिर्टनॉथ. तेव्हा राजा होता एथलरेड, गादीवर आला तेव्हा लहान मूल. चौथ्या राजाच्या दरबारात हा माणूस दोन नंबरला येऊन बसला होता. एवढं कळायला एकही वीरकाव्य लागत नाही.

इशारा: पुष्कळ सनदा मूळ स्वरूपात नाहीत. मठांच्या नकलांच्या वह्यांतून त्या आल्या, आणि जमिनीवर हक्क सांगायला मठांनी खोटे कागदही केले. सॉयरच्या यादीत प्रत्येक क्रमांकाखाली अभ्यासकांचे शेरे असतात. ‘अस्सल’, ‘संशयित’, ‘बनावट’ असं मत लिहिलेलं असतं. सारणीत संशयिताला पेन्सिल, अस्सलाला शाई.

तीन मृत्युपत्रं

आता माझ्या आवडीचा भाग. बिर्टनॉथचं स्वतःचं मृत्युपत्र नाही, पण सासरची तीन आहेत: सासरा एल्फगार (एस १४८३), मेव्हणी एथलफ्लेड (एस १४९४) आणि बायको एल्फ्लेड (एस १४८६). बाप आणि दोन मुली, पन्नासेक वर्षांत लिहिलेले तीन कागद, बऱ्याच अंशी त्याच जमिनी. फेरफार नोंदवहीत काम केलेल्या माणसाला यापरतं सुख नाही.

एल्फगार हाही एल्डरमन होता. त्याच्या मृत्युपत्रात पहिल्यांदा राजाला द्यायच्या वस्तू येतात: म्यानासह दोन तलवारी, दोन सोन्याची कडी, तीन घोडे, तीन ढाली, तीन भाले. हे दान नाही. मोठा माणूस मेला की त्याच्या दर्जाप्रमाणे शस्त्रं आणि घोडे राजाकडे परत जायचे, आणि ते गेले तरच मृत्युपत्र टिकायचं. पुढच्या शतकात कनूट राजानं याचे दर कायद्यात लिहून ठेवले. एल्फगारनं एक तलवार हयातीतच दिल्याचंही लिहिलं आहे. ती राजा एडमंडनं त्याला दिली होती, किंमत १२० मॅनकस सोनं, शिवाय म्यानावर चार पौंड चांदी. ती दिल्यावर मृत्युपत्र करण्याची मुभा मिळाल्याचं तो बिशप आणि दुसऱ्या एका एल्डरमनच्या साक्षीनं नोंदवतो.

असा आकडा आला की थांबा आणि त्याचा भाव काढा. एक मॅनकस म्हणजे चांदीच्या ३० पेनी. त्याच शतकात थोडं आधी, राजा अथेलस्टनच्या काळात, लंडनच्या संघानं चोरीच्या भरपाईचे दर ठरवले होते: बैल एक मॅनकस, गाय २० पेनी, डुक्कर १०. म्हणजे ती तलवार १२० बैलांची. म्यान वेगळं.

थोरली मुलगी एथलफ्लेड राजा एडमंडची दुसरी बायको. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताच्या, म्हणजे सालवार नोंदींच्या बखरीच्या, एका प्रतीत, ९४६ मध्ये एडमंडचा खून झाला त्या नोंदीत, ‘डॅमरमची एथलफ्लेड, एल्फगार एल्डरमनची मुलगी’ असं तिचं नाव आहे. धाकटी एल्फ्लेड बिर्टनॉथला दिली. म्हणजे आपला माणूस राजाच्या विधवेचा मेव्हणा आणि एसेक्सच्या जुन्या एल्डरमनचा जावई. त्याला एसेक्स का मिळालं या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. त्याचा बाप बिर्टहेल्म. त्या बाजूचे कागद फारसे नाहीत, म्हणून सासरच्यांवरच मुक्काम करायचा.

आता नकाशा उघडा आणि पेल्डन व मर्सी या गावांचा माग काढा. दोन्ही कोल्चेस्टरच्या दक्षिणेला. मर्सीला आम्ही कालवं खायला जातो, निदान लेक आणि जावई खातात. या जमिनी बापाकडून थोरलीकडे, तिच्याकडून धाकटीकडे आणि शेवटी स्टोक-बाय-नेलंड इथल्या धर्मस्थानाकडे जायच्या होत्या. पूर्वज तिथे पुरलेले. हयातीपुरता उपभोग, मग पुढचा वारस, मग देवस्थान. प्रत्येक मृत्युपत्रात राजाला आणि बिर्टनॉथसारख्या मोठ्या माणसांना विनवणी असते की हे मोडू देऊ नका. ज्या अर्थी इतक्यांदा विनवावं लागतं, त्या अर्थी मोडायची भीती खरी असणार. माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांतही ज्या ओळी दोनदा अधोरेखित असत, भांडण नेमकं तिथेच असे.

एल्फ्लेडचा कागद सगळ्यांत शेवटचा, नवरा गेल्यानंतर दहाएक वर्षांचा. तो सावकाश वाचा. राजाला आठ जमिनी, दोन कडी, दोन पेले, एक चांदीचं भांडं. ईलीला, ‘जिथे माझ्या धन्याचं शरीर विसावलं आहे’ तिथे, रेटेंडनची जमीन, जी तिला लग्नानंतरच्या सकाळी नवऱ्याकडून भेट मिळाली होती. आणि एक कडं: नवऱ्याच्या दफनाच्या वेळी चर्चला जे कडं दिलं, त्याच्या जोडीतलं दुसरं. दहा वर्षं तिनं ते एकटं कडं जपून ठेवलं होतं.

मुलांचा उल्लेख या मृत्युपत्रात नाही. ईलीच्या परंपरेत मात्र लिओफ्लेड नावाची बिर्टनॉथची मुलगी येते. वारसनोंदीचा जुना नियम: कागदात नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही, त्याला हिस्सा नव्हता एवढंच. दोन्ही नोंदी समोरासमोर लिहा आणि निकाल देऊ नका.

मठांच्या बखरी

इथून पुढे सावध. दोन मुख्य लेखनं आहेत. रॅम्झी इथल्या मठातल्या बिर्टफर्थ नावाच्या भिक्षूनं लढाईनंतर दहाएक वर्षांत संत ऑस्वाल्डचं चरित्र लिहिलं. त्यात बिर्टनॉथ उंच, हंसासारखे पांढरे केस, डाव्या हातानं स्वतःला सावरत उजव्यानं वार करणारा असा येतो. भाषा अलंकारिक आहे, पण लिहिणारा त्या काळातला.

त्याच चरित्रात ९७५ ची गोष्ट आहे. एडगर मेला, वारसावरून राज्यात तट पडले आणि मर्सियाच्या एल्फहेरेनं मठांवर हात टाकला. एथलवाइन, त्याचा भाऊ आणि बिर्टनॉथ मठांच्या बाजूनं फौज घेऊन उभे राहिले. भिक्षू ही धर्म आणि अधर्माची लढाई म्हणून रंगवतो. मला त्यात धर्म कमी आणि सात-बारा जास्त दिसतो. एडगरच्या काळात मठांनी जमिनी भराभर जमवल्या होत्या; राजा गेल्यावर जुने मालक आमची जमीन दबावाखाली घेतली म्हणून उठले. ईलीच्याच नोंदी वाचा, पानापानावर असे वाद आहेत.

दुसरं लेखन म्हणजे बाराव्या शतकातलं ‘लिबर एलिएन्सिस’, ईलीच्या मठाची बखर. सगळ्या रंगीत कथा इथल्या. लढाईला जाताना बिर्टनॉथ रॅम्झीला थांबला. तिथल्या मठाधिपतीनं त्याला आणि फक्त सात जणांना जेवण देऊ केलं. तो म्हणाला, माझ्या माणसांवाचून मी लढू शकत नाही, तर त्यांच्यावाचून जेवणारही नाही. मग ईलीला गेला, तिथे सगळ्यांना पोटभर मिळालं आणि त्यानं ईलीला जमिनी दिल्या.

कथा सुरेख आहे. आता लिहिणारा कोण ते पाहा: ईलीचा माणूस. जमिनी कुणाला मिळाल्या? ईलीला. नाक कुणाचं कापलं? शेजारच्या रॅम्झीचं. याच पुस्तकात बिर्टनॉथला दूर उत्तरेकडच्या नॉर्थंब्रियाचा सरदार म्हटलं आहे, आणि मॉल्डनला चार वर्षांच्या अंतरानं दोन लढाया लावल्या आहेत, दुसरी चौदा दिवसांची.

मग सगळं फेकून द्यायचं? तसंही नाही. पडताळायचं. ताळा कसा करायचा त्याचं तयार उदाहरण रेटेंडनचंच. बखर म्हणते, ते गाव बिर्टनॉथनं लढाईला जाताना दिलं. बायकोचं मृत्युपत्र म्हणतं, ते माझ्या भेटीचं, मी देते. कागद जिंकतो. गाव ईलीकडे आलं हे दोन्हीकडे सारखं, तेवढं शाईनं लिहा. केव्हा आणि कुणी, तिथे मृत्युपत्र धरा. बखरकारानं मुद्दाम खोटं लिहिलं असंही मी म्हणणार नाही; दोनशे वर्षांनी नवऱ्याचं आणि बायकोचं दान एकाच नावावर जमा झालं असेल. आमच्याकडच्या देवस्थान इनामांत हे सर्रास व्हायचं.

याच बखरीत आणखी एक वस्तू आहे: एल्फ्लेडनं ईलीला दिलेला पडदा, ज्यावर नवऱ्याचे पराक्रम चितारलेले होते. तो उरलेला नाही. १०६६ च्या नॉर्मन विजयाची चित्रं भरलेल्या बायोच्या प्रसिद्ध कापडाच्या जवळजवळ एक आयुष्यभर आधीचा.

आता लढाई

इतकं झाल्यावर गाणं उघडा. ३२५ ओळी उरल्या आहेत. सुरुवात आणि शेवट दोन्ही गहाळ. मूळ हस्तलिखित १७३१ मध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसच्या आगीत जळालं. त्याआधी कुणीतरी नक्कल करून ठेवली होती आणि १७२६ मध्ये ती छापली गेली होती, म्हणून आज ते वाचता येतं.

पण आधी इतिवृत्ताची नोंद, कारण ती कोरडी आहे: इप्सविच लुटलं, लगेच बिर्टनॉथ एल्डरमन मॉल्डनला मारला गेला, आणि त्याच वर्षी डेनांना (म्हणजे या व्हायकिंगांना) पहिल्यांदा खंडणी द्यायचं ठरलं, १०,००० पौंड. सल्ला आर्चबिशप सिगेरिकचा. पौंडाच्या २४० पेनी, म्हणजे २४ लाख नाणी. तीनच वर्षांनी १६,००० पौंड, १०१२ मध्ये ४८,०००. दिवस कुठे १० ऑगस्ट सापडेल, कुठे ११.

गाण्यातली लढाई थोडक्यात अशी. व्हायकिंग बेटावर, बिर्टनॉथ मुख्य किनाऱ्यावर, मध्ये भरतीखाली जाणारी वाट. निरोप्या ओरडून सोनं मागतो. बिर्टनॉथ नकार देतो. ओहोटी लागल्यावर तीन जण वाट अडवून धरतात. मग शत्रू वाट मोकळी मागतो आणि बिर्टनॉथ त्यांना अलीकडे येऊ देतो. तो पडतो, गॉड्रिक नावाचा माणूस धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो, लोकांना वाटतं एल्डरमनच चालला, आणि फळी फुटते.

त्यानं येऊ का दिलं यावर रकाने भरले आहेत. गाणं त्याला अहंकार म्हणतं. मला एक व्यवहारी कारणही दिसतं: गलबतं असलेला शत्रू वाट अडली तर पुढच्या खाडीत जाऊन दुसरं गाव लुटेल, आज समोर आहे तर आजच गाठा. हे माझं मत, पेन्सिलीनं.

मात्र ज्यांनी मृत्युपत्रं आधी वाचली त्यांनाच लागणारी एक जागा या गाण्यात आहे. खंडणी मागणाऱ्याला बिर्टनॉथ उत्तर देतो की आम्ही तुम्हाला विषारी भाले आणि जुन्या तलवारी देऊ, आणि त्यासाठी तो नेमका तोच शब्द वापरतो जो मेलेल्या सरदाराकडून राजाला जाणाऱ्या शस्त्रांसाठी कायद्यात येतो. सासऱ्यानं राजाला दिलेल्या दोन तलवारी, तीन ढाली, तीन भाले आठवा. शस्त्रं घेण्याचा हक्क राजाचा. तू मागतोस तर घे, पण टोकाकडून. ही शायरसभेत दोनदोनदा बसलेल्या माणसाच्या तोंडची कोटी आहे.

नात्यांसाठीही गाणं चाळा. बिर्टनॉथच्या बहिणीचा मुलगा वुल्फमेर तिथे पडतो, म्हणजे बहीण होती, वहीत लिहा. एक साधा शेतकरी डनरे, नॉर्थंब्रियाचा एक ओलीस, मर्सियाच्या एल्डरमनचा नातू, सगळे त्यात येतात, काही बोलतातही. भाषणं कवीची असतील. माणसांची यादी मात्र गंभीरपणे घ्या.

जागेवर जायचं असेल तर

मॉल्डनला रेल्वे नाही. चेम्सफर्डहून बस घ्यावी. लढाईतलं बेट म्हणून मानलं जाणारं नॉर्थी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे, जायच्या आधी प्रवेशाची चौकशी करा आणि भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय वाटेवर पाय ठेवू नका. पाणी येतं तेव्हा दोन्ही बाजूंनी येतं. मी ओहोटीला काठावर उभा राहून बघतो, तेवढ्यानं वाट किती अरुंद ते कळतं. चिखलाला वास असतो, जुने बूट घाला. प्रोमनेडच्या टोकाला तलवार उंचावलेला बिर्टनॉथचा पुतळा आहे, २००६ चा, फोटोला ठीक.

ईली जास्त महत्त्वाचं. केंब्रिजहून रेल्वेनं पाव तास. कॅथेड्रलच्या आग्नेय कोपऱ्यात बिशप वेस्टचं चॅपल आहे, तिथे अँग्लो-सॅक्सन काळातल्या सात जणांची हाडं कोनाड्यांत ठेवली आहेत आणि एक नाव बिर्टनॉथचं. बखर म्हणते, शत्रूनं त्याचं डोकं नेलं आणि भिक्षूंनी त्या जागी मेणाचा गोळा ठेवून त्याला पुरलं. १७६९ मध्ये ही हाडं हलवताना एक सांगाडा बिनडोक्याचा निघाला, गळ्याजवळचं हाड शस्त्रानं जवळजवळ तुटलेलं. तेव्हा मोजणाऱ्यांनी उंची ६ फूट ९ इंच काढली. उंचीवर माझा भरवसा कमी आहे, अठराव्या शतकातल्या हौशी मोजणीवर किती विसंबायचं? पण डोकं नव्हतं हे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं, आणि तिथे बखरीला एक गुण द्यावा लागतो.

हे जमलं की पुढचा माणूस म्हणून हॅम्पशरचा एल्डरमन एल्फहीह घ्या, एल्फहेरेचा भाऊ. मृत्युपत्र एस १४८५, सनदांवर साक्षी भरपूर, लढाई एकही नाही. सारणी तीच, फक्त पहिला रकाना ९५९ पासून सुरू करा आणि ९७० च्या आसपास त्याचं नाव कुठल्या सनदेनंतर दिसेनासं होतं ते शोधा.